पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्रेल: याक खोऱ्यातली वाट ठेवावी की वळवावी?

घाटमाथा:
ही अमेरिकेतली सुमारे १,९०० किलोमीटरची पायवाट. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ चीफ माउंटनपाशी सुरू होते आणि मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन पार करून केप अलावाला समुद्राशी संपते. २००९ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तिला राष्ट्रीय दर्जा दिला. कायद्याने दोन आर्थिक वर्षांत वनसेवेचा (तिथल्या सरकारी वनखात्याचा) आराखडा तयार व्हायला हवा होता. झाला नाही. मोंटानातल्या याक खोऱ्यातली एक स्थानिक संघटना कोर्टात गेली, तेव्हा कुठे २०२३ अखेरची मुदत पडली. त्या आराखड्यावर याकवाल्यांची हरकत एका ओळीत सांगता येते: वाट इथून नको, दक्षिणेकडून न्या.

मला ही हरकत पूर्ण पटते. कॅबिनेट डोंगर आणि याक मिळून होणाऱ्या कॅबिनेट-याक क्षेत्रात ग्रिझली अस्वलांची संख्या १०० पर्यंत नेण्याचं उद्दिष्ट आहे आणि याकच्या बाजूला जेमतेम वीस-पंचवीस अस्वलं आहेत. मादीला पहिली पिल्लं पाच-सात वर्षांची झाल्यावर होतात, पुढची साधारण तीन वर्षांनी. इतक्या लहान गटातल्या दोन माद्या गेल्या तर भरून यायला दशक लागतं.

कातळवाट:
आकड्यांबद्दल वाद नाही, उपायाबद्दल आहे. वाट मोठ्या प्रमाणात हलवायची तर राष्ट्रीय वाटांच्या कायद्याप्रमाणे पुन्हा काँग्रेसकडे जावं लागतं. वनसेवा आराखड्यात तशी रेघ ओढू शकत नाही. शिवाय कुटेनाई नदी ओलांडून खाली गेलात की कॅबिनेट डोंगर लागतो, तोही याच अस्वल-क्षेत्राचा भाग. काँग्रेसच्या ठरावासाठी थांबून राहिलो तर तोवर हंगामामागून हंगाम काहीच नियंत्रण नाही. परमिट लावा, रोजचा कोटा ठरवा. पॅसिफिक क्रेस्ट या मेक्सिको ते कॅनडा सीमेपर्यंतच्या पायवाटेवर मेक्सिको सीमेवरून उत्तरेकडे निघणाऱ्यांना रोज ५० परमिटं मिळतात, ती पद्धत रुळलेली आहे.

घाटमाथा:
पॅसिफिक क्रेस्टचं ते परमिट ८०० किलोमीटर किंवा जास्त चालणाऱ्यांसाठी आहे. तोच साचा इथे आणला तर शनिवार-रविवारी याकमधल्या नॉर्थवेस्ट पीक या शिखरावर येणारे त्यात धरलेच जाणार नाहीत. अस्वलाला कोण किती लांबून आलं याने फरक पडत नाही.

रानमोजणी:
दोघांच्याही बोलण्यात मोजमाप सुटलंय. इथल्या वनखात्याच्या नियमात अस्वलांचा ‘कोअर’ अधिवास म्हणजे वाहनाच्या रस्त्यापासून ५०० मीटरपेक्षा आत असलेला आणि जास्त वापराची पायवाट नसलेला भाग. जास्त वापर म्हणजे आठवड्याला सरासरी २० किंवा जास्त गट. गट, माणसं नव्हेत. म्हणजे एकट्याने चालणारे तीन जण तीन गट धरायचे आणि आठ जणांची एक तुकडी म्हणजे एकच गट.

आता हिशोब करा. ग्लेशियरमधल्या खिंडींतला बर्फ उतरेपर्यंत पूर्वेकडून निघता येत नाही, म्हणून जवळजवळ सगळे मध्य-जून ते जुलैच्या सुरुवातीला निघतात आणि साधारण दोन आठवड्यांनी याकमध्ये पोचतात. समजा हंगामात ८० गट आले. बारा आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला सात, नियमात आरामात बसले. पण ते येतात तीन आठवड्यांत. मग आठवड्याला २६-२७ होतात. सरासरीच्या रकान्यात ही गर्दी दिसतच नाही. वार्षिक कोटा म्हणूनच निरुपयोगी आहे. मर्यादा आठवड्याची आणि वाटेच्या त्या तुकड्यापुरती हवी.

कातळवाट:
हे मान्य. मग आठवडी कोटा आणि वाटेवर दोन-तीन ठिकाणी इन्फ्रारेड काउंटर. फक्त हा काउंटर डोकी मोजतो, गट नाही, आणि हरणं गेली तरी आकडा वाढतो. जोडीला वाटेच्या तोंडाशी नोंदवही ठेवून दोन्ही ताडून बघावं लागेल.

घाटमाथा:
मोजाल, पण जुलैच्या उत्तरार्धात काय कराल? वाट तिथे उंच धारेवरून जाते आणि नेमक्या त्याच धारांवर हकलबेरी ही अस्वलांच्या आवडीची रानबेरी पिकते. झुडूप कमरेइतकं, पायवाट हातभर रुंद. अस्वल मान खाली घालून ओरबाडत असतं, वाऱ्यात पावलांचा आवाज जात नाही. वळणावर समोरासमोर आलात तर अंतर दहा मीटरही नसतं, आणि अस्वलाला रोखायच्या तिखट स्प्रेची खरी मदत साधारण तितक्याच अंतरावर, सात-नऊ सेकंदच. पिल्लांसह मादी असेल तर तेवढा अवधीही मिळेलच असं नाही. नियम पाळणारा माणूससुद्धा तिथे अस्वलाला बेरीवरून हुसकावतो, आणि हिवाळ्यासाठी चरबी साठवायचे तेच आठवडे असतात.

रानमोजणी:
हा मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. त्यावर तारखेची बंदी चालेल: बेरीच्या काळात धार बंद, खालच्या वनरस्त्याने वळसा. हे करायला काँग्रेस लागत नाही. अन्नाचा नियमही कडक हवा. टांगायचं तर जमिनीपासून तीन मीटर वर आणि खोडापासून सव्वा मीटर लांब. धारेवरची खुरटी झाडं तेवढं देतच नाहीत, म्हणून तिथे अस्वलाला उघडता न येणारा कडक डबाच सक्तीचा करावा.

कातळवाट:
वनरस्त्यावरून वळसा म्हणजे आधीच डांबर-धुळीत चालणाऱ्यांना आणखी रस्ता. चालणारे कुरकुरतील, तरी मी मानतो. फक्त बंदीच्या तारखा मेमध्येच जाहीर कराव्यात. खाण्याची पार्सलं पुढच्या गावांच्या पोस्टात आधीच रवाना करावी लागतात.

घाटमाथा:
तारखा ठरवून चालणार नाही, बेरी दरवर्षी वेगळ्या आठवड्यात पिकते. बंदी बेरी बघून लागावी, उठावी. आणि हे सगळं लिहूनही दक्षिणेच्या वाटेची मागणी मी सोडत नाही.