मदत हवी आहे: पेंटबॉल मार्करच्या एअर टँकला कुठला रेग्युलेटर घ्यावा?

एडिसनकर
शनिवारी मुलाचं आणि त्याच्या मित्रांचं मैदान बुक आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळालं तर बरं होईल. मार्कर (रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक) आहे, टँक आहे, टँकमध्ये हवा भरलेली आहे. पण ट्रिगर एकदा दाबला की बर्र्र करून तीन-चार गोळ्या एकदम सुटतात. कधी बोल्ट मागे अडकतच नाही, हँडल पुन्हा हाताने ओढावं लागतं. गोळी लांबही जात नाहीये. एका दुकानात फोन केला, तर ‘रेग्युलेटर बदला’ म्हणाले आणि फोन ठेवला. ऑनलाइन बघितलं तर ३००, ४५०, ८००, ८५० असे आकडे दिसतात. यातला कुठला घ्यायचा? मुलगा सोळा वर्षांचा आहे, म्हणून कमी प्रेशरचा जास्त सुरक्षित असेल असं वाटतंय. कृपया नेमकं मॉडेल सांगा, थिअरी नको.

कॅप्टन_७७
४५० घ्या, डोळे झाकून. मी इतकी वर्षं तोच वापरतोय. फायर एकदम मऊ होतो, आवाज कमी, गोळ्या फुटत नाहीत. ८०० वगैरे जुन्या काळातले आकडे झाले.

स्वराली_डॅलस
मार्कर कुठला ते लिहिलंच नाहीये. टँक कुठला, त्यावर आत्ता कुठला रेग आहे, नवा घेतलाय की वापरलेला, यातलंही काही नाही. हे कळल्याशिवाय मॉडेल कसं सांगणार?

जुना_गडी
+१ स्वराली. कॅप्टन, मार्कर माहीत नसताना ४५० सांगणं बरोबर नाही.

एडिसनकर
मार्कर काळा आहे, टिपमनचा. टँकही काळा, छोटा. दोन्ही वापरलेले घेतलेत, वेगवेगळ्या लोकांकडून. प्रेशरचं म्हणाल तर गेजवर ३००० च्या जरा खाली काटा आहे, म्हणजे प्रेशर भरपूर आहे. आता सांगा, ४५० की ८००?

स्वराली_डॅलस
तो काटा टँकच्या आतला दाब दाखवतो. रेग्युलेटर पुढे मार्करला किती दाब देतो, ते त्या गेजवर कधीच दिसत नाही. तुमचा प्रश्न त्या दुसऱ्या आकड्याचा आहे. घरच्या गॅसचं घ्या: सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय आणि शेगडीला किती दाबाने येतोय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रेगच्या अंगावर नीट बघा. एचपी, एलपी, एसएलपी असं काही कोरलंय किंवा स्टिकरवर आहे का? साधारणपणे एचपी (हाय प्रेशर) म्हणजे ८००-८५० पीएसआय (दाबाचं एकक, पौंड प्रति चौरस इंच), एलपी (लो प्रेशर) म्हणजे ४५०, एसएलपी (सुपर लो प्रेशर) म्हणजे ३०० च्या आसपास. आणि टिपमन कुठला? ९८ का?

दर्यावर्दी
मी तारकर्लीला डायव्हिंग शिकवतो. आमचे टँक पण २०० बारचे, म्हणजे जवळजवळ २९०० पीएसआय. माझं मत, स्कुबाचा फर्स्ट स्टेज (डायव्हिंगच्या टँकवरचा रेग्युलेटर) लावून बघा. समुद्राखाली माणसाचा जीव त्यावर असतो, इतका भरवशाचा रेग्युलेटर दुसरा मिळणार नाही.

जुना_गडी
दर्यावर्दी, स्कुबाचा फर्स्ट स्टेज पुढे साधारण १४० पीएसआय देतो. तेवढ्यावर टिपमनचा बोल्ट हलणारही नाही, आणि आटे वेगळे असल्यामुळे तो या टँकवर बसणारही नाही. स्कुबा टँकचा उपयोग भरण्यासाठी मात्र होतो. योग्य फिल स्टेशन लावून त्यातून पेंटबॉलचा टँक भरता येतो.

दर्यावर्दी
बरोबर आहे, मी भरवशाच्या अंगाने बोललो. पण हे लोक टँक भरताना पाण्यात ठेवत नाहीत का? आमच्याकडे बरेच जण गरम होऊ नये म्हणून ठेवतात.

स्वराली_डॅलस
पाण्यात नका ठेवू. टँकच्या भरायच्या निपलवर (जिथून हवा आत जाते) थेंब राहिला तर तो दाबासोबत आत जातो. त्यापेक्षा सावकाश भरा. घाईत भरलं की टँक तापतो, काटा ३००० दाखवतो आणि थंड झाल्यावर २६०० वर येतो. आणि धागाकर्ते, त्या भरायच्या निपलला तेल कधीही लावू नका. जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. टिपमनला तेल लागतं, पण ते मार्करच्या एएसएमध्ये (टँक जिथे मार्करला आवळतात तो सांधा), दोन-चार थेंब. टँकला नाही.

मृण्मयी_के
मुलांच्या हातात असल्या वस्तू देण्याआधी दोनदा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. रेग्युलेटरपेक्षा मास्कचं बघा. डोळे गेले की परत येत नाहीत. माझ्या भाच्याला साधे प्लास्टिकचे गॉगल घालून खेळताना पाहिलंय.

जुना_गडी
ताई, मास्कचा मुद्दा शंभर टक्के खरा. पेंटबॉलसाठीचा एएसटीएम एफ१७७६ मानकाचा मास्कच हवा. एअरसॉफ्टचा (प्लास्टिकच्या छर्‍यांचा खेळ) किंवा बांधकामाचा गॉगल चालत नाही. मैदानावर असाल तोपर्यंत तो काढायचा नाही आणि खेळत नसताना बॅरलवर स्लीव्ह (नळीचं तोंड झाकणारी कापडी पिशवी) हवीच. पण खेळ मारामारीचा आहे असं समजू नका. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरला बारा जणांनी हा खेळ पहिल्यांदा खेळला. हातात झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची मार्कर होती, आणि जो जिंकला तो एकही गोळी न झाडता सगळे झेंडे गोळा करून आला होता.

एडिसनकर
मास्क चांगले घेतलेत, त्याची काळजी नको. शनिवार जवळ येतोय, कृपया विषयावर या. मार्कर ९८ कस्टम. रेगवर बारीक अक्षरात ‘एलपी’ दिसतंय. टँक ४८/३००० (४८ घन इंच, ३००० पीएसआय). ज्याच्याकडून घेतला तो एअरसॉफ्ट खेळायचा.

स्वराली_डॅलस
मग उत्तर इथेच आहे. एअरसॉफ्टवाले पुढे आणखी एक रेग लावून दाब १०० च्या आसपास आणतात, म्हणून त्यांना टँकवर एलपी किंवा एसएलपी सोयीचा पडतो. तुमच्या ९८ मध्ये स्वतःचा रेग्युलेटर नाही. टँकमधून येईल तो दाब थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो.

थिअरी नको म्हणालात, पण एवढं वाचा. ट्रिगर दाबला की हातोडा व्हॉल्व्हवर आदळतो. सुटलेल्या हवेचा एक भाग गोळीला पुढे ढकलतो, दुसरा भाग तो हातोडा मागे रेटतो. मागे जाऊन तो सिअरवर (ट्रिगर सोडवतो ती खीळ) अडकला पाहिजे. दाब कमी पडला की तो अर्धाच मागे जातो, अडकत नाही, स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे फेकते आणि परत गोळी सुटते. तुमचं बर्र्र ते हेच. ९८ ला ८००-८५० चा रेग लागतो.

कमी प्रेशर म्हणजे सुरक्षित, असंही नाही. गोळीचा वेग मार्करच्या बाजूच्या स्क्रूने लावतात आणि क्रोनो नावाच्या यंत्रावर मोजतात. बहुतेक मैदानं २८० एफपीएसच्या (फूट प्रति सेकंद) आसपास मर्यादा ठेवतात, ३०० च्या वर कुठेच नको. तुमचा मार्कर ट्रिगर एकदा दाबला की तीन गोळ्या सोडतोय, ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

कॅप्टन_७७
पण माझा ४५० वर उत्तम चालतो. सरसकट ८०० सांगू नये.

जुना_गडी
तुमचा मार्कर कुठला?

कॅप्टन_७७
एमेक.

जुना_गडी
एमेकला स्वतःचा रेग्युलेटर आहे. तो आलेला दाब १३५ च्या आसपास उतरवूनच आत सोडतो. त्याला ४५० द्या नाहीतर ८००, दोन्ही चालतं. कमी दाब दिला तर त्या आतल्या रेगला काम थोडं कमी पडतं, हे मान्य. पण मऊ फायर होतो तो मार्करच्या रचनेमुळे, टँकमुळे नाही. तोच टँक ९८ ला लावलात तर याच धाग्यावर मदत मागायला याल.

कॅप्टन_७७
माझ्या टँकवर गोळ्याही जास्त निघतात.

जुना_गडी
गोळ्या ठरतात टँकचं आकारमान आणि भरलेला दाब यांवर. ४८/३००० वर साडेचारशे-पाचशे, ६८/४५०० वर हजारभर, असा ढोबळ हिशेब आहे. रेगचा आकडा बदलून त्यात म्हणावा असा फरक पडत नाही.

पाटील_ओहायो
एवढा खटाटोप कशाला? ९८ मुळात सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड) चालायला बनवलेला मार्कर. २० औंसची सीओटू बाटली लावा, रेग्युलेटरची भानगडच नको.

स्वराली_डॅलस
पाटीलकाका, उन्हाळ्यात ठीक आहे. सीओटूचा दाब तापमानावर ठरतो. २१ अंशाला साधारण ८५० पीएसआय असतो, शून्याला पाचशेच्या खाली येतो. म्हणजे न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या गार सकाळी मार्कर आत्ता करतोय तेच करेल. भराभर फायर केला तर बाटली आणखी गार होते, द्रव आत शिरतो आणि ओ-रिंगा (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) कडक पडतात. एअर टँकचे रेग ८५० ला लावतात तेही सीओटूच्या त्या दाबाशी जुळावं म्हणून.

पाटील_ओहायो
आमच्या वेळी सगळे सीओटूच वापरायचे, बर्फातसुद्धा. बाटली जॅकेटमध्ये धरून गरम ठेवायचो. पण आजकाल सीओटू भरून देणारी मैदानंही कमी झालीत, हे खरं.

यंत्रवेडा
मला सिअर झिजल्याचा संशय येतोय. माझ्या ९८ ला अगदी हेच झालं होतं, रेग नवा घेऊनही फरक पडला नाही. सिअर बदलला आणि सुतासारखा सरळ चालला. मागच्या बोल्टची ओ-रिंग कोरडी असेल तरी असंच होतं. पैसे घालण्याआधी उघडून बघा.

जुना_गडी
शक्य आहे. पण उघडण्याआधी सोपी परीक्षा करा: मैदानावरून भाड्याचा ८५० वाला टँक घ्या आणि लावून पाहा. मार्कर नीट चालला तर दोष तुमच्या टँकच्या रेगचा. तरीही बर्र्र केलं तर सिअर, ओ-रिंग, तेल.

एडिसनकर
ठीक. मग ८०० चा रेग मागवतो. बदलायचा कसा? पान्याने सुटेल ना? मुलगा म्हणतोय यूट्यूबवर आहे.

स्वराली_डॅलस
थांबा! हवा भरलेल्या टँकचा रेग कधीही सोडवायचा नाही. टँकचा व्हॉल्व्ह सुटून उडाल्याने अमेरिकेत माणसं दगावली आहेत. मार्करवरून टँक काढतानाही बघा की टँक रेगसकट फिरतोय. रेग एएसएमध्येच राहून बाटली एकटी फिरतेय असं वाटलं तर तिथेच थांबायचं. रेग आणि बाटली यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढून ठेवा. बाटली जरा जरी सरकली तरी रेघ तुटलेली दिसते.

आणि एक गोष्ट अजून कळली नाही. टँकवर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टँकची मजबुती तपासण्याची) तारीख काय आहे? ॲल्युमिनियमचा असेल तर खांद्यावर ठोकलेली असते.

एडिसनकर
०४ १८. तारीख असते हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

स्वराली_डॅलस
म्हणजे एप्रिल २०१८. पाच वर्षं कधीच उलटली. नियमाने तो टँक टेस्ट केल्याशिवाय भरायचा नाही, चांगल्या मैदानावर भरून देणारही नाहीत. ॲल्युमिनियमला वयाची अट नाही, दर पाच वर्षांच्या टेस्टमध्ये पास झाला की पुन्हा चालतो. कार्बन फायबर असता तर पंधरा वर्षांनी निकालातच निघाला असता.

हिशेब करा. रेगचे चाळीसेक डॉलर, टेस्टचे वेगळे, शनिवारपर्यंत परत मिळण्याची खात्री नाही. नवा ४८/३००० रेगसकट साठ-सत्तर डॉलरच्या घरात येतो. नुसता रेग घेऊ नका, ८०० आउटपुटचा अख्खा टँक घ्या.

यंत्रवेडा
किंवा आहे त्याच रेगमध्ये शिम घाला. काही रेगना बॉनेटखाली (वरच्या टोपीखाली) पातळ चकत्या घालून आउटपुट वाढवता येतं.

जुना_गडी
शिमने थोडंफार वरखाली होतं. ४५० वरून ८०० ला न्यायचं तर बहुतेक रेगमध्ये स्प्रिंगच बदलावी लागते, आणि मग टेस्ट गेज लावून मोजायला हवं. आउटपुटच्या बाजूची बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की फुटून हवा सोडणारी चकती) १८०० पीएसआयची असते. अंदाजाने चकत्या घालत बसायची ही जागा नाही.

रामटेकवाला
अवांतर: मला असाच टँक भाच्यासाठी अमेरिकेतून नागपूरला आणायचा आहे. कोणी आणलाय का? बॅगेत चालतो का?

जुना_गडी
विमानात न्यायचा तर रेग पूर्ण काढलेला आणि बाटलीचं तोंड उघडं हवं, आत काही नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. भारतात दाबाच्या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि ते बघणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय तुमच्याच नागपुरात आहे. आधी तिथे विचारा. शिवाय भरून कोण देणार तेही बघा, नाहीतर टँक शोभेला राहील.

एडिसनकर
सांगायला आलो. मैदानावर आधी भाड्याचा टँक लावून पाहिला, मार्कर लगेच सुरळीत चालला. मग तिथल्याच दुकानातून नवा ४८/३००० घेतला, रेग ८०० चा. क्रोनोवर स्क्रू फिरवून २७५ च्या आसपास लावून दिलं. दिवसभर एकदाही बर्र्र नाही. स्वराली, जुना_गडी, खूप आभार. जुना टँक रिकामा करून टेस्टला देतोय. मुलाच्या मित्राकडे एमेक आहे, पास झाला तर त्याला होईल.

आता एकच: टँक मार्करला लावताना सांध्यातून फुस्स आवाज येतो, पूर्ण आवळला की बंद होतो. कधी कधी नाहीही होत. नवा रेग खराब निघाला का?

स्वराली_डॅलस
रेग नाही. टँकच्या टोकाच्या ओ-रिंगला चीर गेली असेल. ०१५ साइज, युरेथेनच्या घ्या, साध्या काळ्या रबराच्या लवकर कापल्या जातात. पाकीटभर घेऊन ठेवा. ती बदलायला रेगला पान्याने हात लावावा लागत नाही, टँक मार्करवरून काढला की टोकावर दिसते. जुनी काढताना टोकदार लोखंडी सळई वापरू नका, खाचेला ओरखडा गेला तर नवी ओ-रिंगसुद्धा गळेल.