१७३६चा हुकूम नेमका कशाचा पुरावा?

कुळागर:
सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कॅथलिक धर्माचा इतिहास पूर्वी रोम, ट्रेंटची धर्मसभा (१५४५–६३) आणि प्रोटेस्टंट पंथाला जन्म देणाऱ्या ल्यूथरशी झालेला संघर्ष यांभोवतीच फिरायचा. अलीकडचे अभ्यासक गोवा, मेक्सिको, नागासाकीकडे वळले आणि विचारू लागले, की बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांनी या धर्माचं काय केलं? मला हे वळण फार मोलाचं वाटतं.

१७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या कॅथलिक धर्मन्यायालयाने, हुकूम काढला: ख्रिस्ती घरी तुळस लावू नये, लग्नात ओव्या म्हणू नयेत, नवरानवरीला हळद लावू नये, बिनमिठाचा भातसुद्धा शिजवू नये! साष्टीतल्या, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या, धर्मांतरांना तोवर दीडशेहून जास्त वर्षं झाली होती. मनाई करावी लागली याचा अर्थ हे सगळं राजरोस चालू होतं. म्हणून गोव्याचा कॅथलिक इतिहास आधी या घरांचा लिहा, इन्क्विझिशनचा नंतर.

तिसवाडीकर:
साफ नामंजूर. हुकूम हा हुकूम काढणाऱ्याचा कागद आहे. त्यातून लोकांचं मन वाचायला गेलात की दहशत बाजूला पडते आणि उरते ती गोड 'मिश्र संस्कृती'.

याहून जुना कागद घ्या. १५४०च्या सुमारास तिसवाडी या गोव्याच्या मुख्य बेटावरची देवळं पाडली गेली. लगेच १५४१मध्ये गांवकारांना, म्हणजे गावच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या मूळ घराण्यांच्या लोकांना, बोलावून देवळांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चच्या कामासाठी लिहून घेतलं. कागदावर ते स्वखुशीचं दान आहे. तुमची पद्धत लावली तर यालाही 'लोकांचा सहभाग' म्हणावं लागेल.

आणि साष्टीतलं कुंकळ्ळी गाव? १५८३मध्ये तिथे गावकऱ्यांकडून मारले गेलेले पाच जेझुइट (येशूसंघाचे धर्मप्रचारक) १८९३मध्ये चर्चकडून 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित झाले, त्यातले रुदोल्फ आक्वाविवा तर अकबराच्या दरबारात राहून आलेले. बदल्यात असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलेल्या गांवकारांना किती ग्रंथांत जागा मिळाली?

पानवाचक:
कागदांचा मुद्दा निघालाच आहे तर सांगते. १८१२मध्ये इन्क्विझिशन कायमचं बंद झाल्यावर खटल्यांची बहुतेक दप्तरं नष्ट केली गेली. हाताशी उरलेला मोठा ऐवज म्हणजे इन्क्विझिशनचा अधिकारी जुवांव देल्गादु फिगेरा याने १६२३मध्ये केलेली खटल्यांची सूची. ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, सुमारे ३,८०० नोंदींची. माणूस कोण, कुठला, आरोप काय, शिक्षा काय, एवढंच. साक्ष नाही, आरोपीचं म्हणणं नाही. इतक्या तुटपुंज्या नोंदींवर कुणाच्या अंतरंगाबद्दल ठाम बोलू नये, हे दोघांनाही लागू आहे.

कुळागर:
कुंकळ्ळीचं मान्य, ते अंगावरच येतं. पण हुकुमाबाहेरचा पुरावाही आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण, म्हणजे मराठीत सांगितलेली ख्रिस्तकथा, १६१६मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. त्याची छापील प्रत आज एकही सापडत नाही. ते टिकलं हस्तलिखितांमुळे, आणि १९०७ची मंगळूरची आवृत्ती निघाली तीही त्यांवरूनच. अकरा हजारांच्या आसपास ओव्या हाताने उतरवून काढणं वरच्या धाकाने होत नाही. त्या माणसांना ती आपली वाटली होती. ही भक्ती खरी मानायला इतका संकोच का?

तिसवाडीकर:
भक्ती खरीच. ती खोटी आहे असं मी म्हटलेलंच नाही. पण मंगळूरकडे ही हस्तलिखितं जपणारी कुटुंबं गोवा सोडून दक्षिणेला का गेली? दुष्काळ, मराठ्यांच्या स्वाऱ्या, आणि हो, इन्क्विझिशनही. शिवाय १६८४मध्ये व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला असं फर्मान काढलं. म्हणजे ज्या ओव्यांचा तुम्ही दाखला देता, त्यांच्या आसपासची भाषाच दडपायचा बेत होता. भक्तीचं प्रकरण आधी आणि सक्तीचं नंतर, या क्रमालाच माझा विरोध आहे.

पानवाचक:
मग गाव धरून काम करा. साष्टीतला एक गाव निवडा. त्याच्या गांवकारीच्या वह्या, तिथल्या जेझुइटांनी रोमला धाडलेली पत्रं आणि फिगेराच्या सूचीतली त्या गावची माणसं शेजारी ठेवून वाचा. पोर्तुगीजसोबत मराठी-कोकणी वाचणारे अभ्यासक यासाठी हवेत, आणि आपल्या विद्यापीठांतून ते तयार होत नाहीत याचा मला मनापासून राग आहे.

कुळागर:
यावर वाद नाही. पण त्या गावातली तुळस मी आधी शोधणार.