मॉरिस ऑक्सफर्ड खरी संपली ती १९५९ मध्येच. पटतंय का?

ओव्हरहॉल

मुद्दा आधीच मांडतो. 'मॉरिस ऑक्सफर्ड' हे नाव इंग्लंडमध्ये १९७१ पर्यंत गाड्यांवर लागत होतं, पण ती गाडी मार्च १९५९ मध्येच संपली. त्यानंतर कंपनीने मॉरिसच्या नावाखाली ऑस्टिन विकली.

ज्यांना ही गाडी फक्त 'अँबॅसिडरची आई' म्हणून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ऑक्सफर्ड हे नाव विल्यम मॉरिसच्या पहिल्याच गाडीचं, १९१३ सालचं. पण मी बोलतोय ती युद्धानंतरची पिढी. १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मॉरिस मायनर आली, आणि तिच्याच शेजारी तिची मोठी बहीण, ऑक्सफर्ड एमओ. दोन्ही अभियंता ॲलेक इसिगोनिसच्या हातच्या. वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणारं छोटं दातेरी चाक. आणि पुढे टॉर्शन बार.

हा टॉर्शन बार एकदा गाडीखाली झोपून बघण्यासारखा आहे. चाकाच्या खालच्या आर्मपासून एक लांब पोलादी दांडा गाडीच्या लांबीत मागे जातो आणि फ्लोअरखालच्या आडव्या मेंबरमध्ये घट्ट अडकतो. चाक खड्ड्यातून वर उचललं की दांडा पिळला जातो, आणि तोच पीळ चाकाला परत खाली दाबतो. दणका मडगार्डपाशी न अडकता बॉडीच्या मधल्या, मजबूत भागात जाऊन विरतो. ज्याने हे आखलं त्याने संपूर्ण गाडीचा एकत्र विचार केला होता.

१९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिसची नफील्ड कंपनी एक होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बीएमसी झाली. १९५४ च्या ऑक्सफर्ड सिरीज टूमध्ये ऑस्टिनकडचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या डोक्यावर असलेलं) इंजिन बसलं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उत्तम इंजिन होतं. टॉर्शन बार आणि रॅक तसेच राहिले. १९५६ ची सिरीज थ्री तीच, फक्त बॉनेटला खोबणी आणि मागे छोटे कल्ले (माशाच्या परासारखे उंचवटे). हीच पुढे आपल्याकडे अँबॅसिडर झाली.

आणि मग १९५९ ची सिरीज फाइव्ह. इटालियन डिझाइनर पिनिन फरीनाची बॉडी, खाली ऑस्टिन केंब्रिजचा सगळा सरंजाम. टॉर्शन बार गेले, रॅक गेला, त्याजागी जुन्या पठडीतलं कॅम अँड पेग स्टिअरिंग आलं. हीच बॉडी ऑस्टिन ए-५५, वुल्झली १५/६०, एमजी मॅग्नेट आणि रायली ४/६८ म्हणूनही विकायला होती. डिसेंबर १९५८ पासून पाच महिन्यांत पाच नावं. पुढची जाळी वेगळी, डॅशबोर्ड वेगळा, कल्ले जरा इकडेतिकडे. मॉरिसच्या माणसांनी घडवलेलं त्यात काय उरलं होतं, ते कुणी सांगावं.

पाटेवाला

असहमत.

एमओचं कौतुक करताना तिचं इंजिन सोयीस्करपणे वगळलंत तुम्ही. १४७६ सीसी, साइड व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला), जेमतेम चाळीस अश्वशक्ती, आणि हे १९४८ मध्ये नव्याने काढलेलं इंजिन! पुढच्या दोन-अडीच वर्षांत फोर्डने कॉन्सल आणली. तिला ओव्हरहेड व्हॉल्व्ह आणि पुढे मॅकफरसन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात) होते. आजही रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना पुढे तेच स्ट्रट असतात, टॉर्शन बार नाहीत. म्हणजे भविष्य कुठल्या कारखान्यात घडत होतं?

दुसरं, गिऱ्हाइकाने काय कौल दिला ते बघा. सिरीज टू साधारण ८७ हजार विकल्या. तिच्यानंतर तुमची लाडकी सिरीज थ्री आली ती ५८ हजारांवर आटोपली. फरीना सिरीज फाइव्ह आल्यावर आकडा पुन्हा ८७ हजारांवर. तिन्ही मॉडेलं जवळपास सारख्याच काळासाठी, अडीच-पावणेतीन वर्षं चालली. ज्या गाडीला लोक कंटाळले होते तिला फरीनाने सावरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एम-१ मोटरवे खुला झाला. चौकोनी, ऐसपैस, मोठ्या डिकीची गाडी लोकांना हवीच होती.

ओव्हरहॉल

@पाटेवाला, आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. सिरीज थ्री आली १९५६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, नेमकी सुवेझ कालव्याच्या संकटाच्या कचाट्यात. डिसेंबर १९५६ ते मे १९५७ ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर होतं. दीड लिटरची गाडी घ्यायला कोण पुढे येणार? जो तो छोट्या गाडीकडे वळला. त्याचं खापर टॉर्शन बारवर कसं फोडता येईल?

आणि इंजिनाचं म्हणाल तर तेव्हाचे ब्रिटिश कर बघा. कित्येक वर्षं मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर ठरायचा, म्हणून सगळ्यांनीच अरुंद बोअरची (म्हणजे व्यासाची), लांब स्ट्रोकची (पिस्टनच्या धावेची) इंजिनं काढली. १९४८ पासून सरसकट दहा पौंड कर झाला, पण तोवर इंजिनांचे आराखडे होऊन गेले होते.

पाटेवाला

लांब स्ट्रोक कराने लादला, कबूल. व्हॉल्व्ह बाजूला ठेवायला कुठल्या कायद्याने सांगितलं होतं?

कोथरूड_ते_कॉव्हेंट्री

दोघांचं वाचलं. मी इकडे इंग्लंडात राहतो, आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत या 'फरीना' आजही दिसतात, म्हणून थोडी वेगळी बाजू.

पाच नावांच्या प्रकाराला सगळे हसतात, पण तो मूर्खपणा नव्हता, नाइलाज होता. विलीनीकरण कागदावर झालं, डीलर मात्र वेगळेच राहिले. एकाच गावात हमरस्त्यावर ऑस्टिनचा डीलर आणि पलीकडच्या गल्लीत मॉरिसचा. दोघांच्याही बांधलेल्या गिऱ्हाइकांच्या पिढ्या. बाप मॉरिसवाला तर मुलगाही मॉरिसवाला. मॉरिसच्या डीलरला 'आता तुझ्याकडे मधली गाडी नाही' असं सांगितलं असतं तर तो सरळ फोर्डकडे गेला असता. त्यामुळे एक बॉडी, पाच जाळ्या. बॉडीच्या साच्यांचा खर्च पाचांत वाटला गेला.

पण ओव्हरहॉल यांच्या मूळ मुद्द्यात एक गोष्ट पक्की आहे. हे असं करून बीएमसीने स्वतःचंच नाव खाल्लं. १९६२ मध्ये फोर्डने कॉर्टिना आणली. एकच गाडी, एकच नाव, प्रत्येक सुट्या भागाची किंमत आधी ठरवून मग आखलेली. चार वर्षांत दहा लाख. बीएमसीकडे पाच नावं होती आणि आपली नेमकी गाडी कुठली हे ठामपणे सांगायला कुणी नव्हतं.

ग्रीसगन

मी पुस्तकी माणूस नाही. वडिलांचं गॅरेज होतं, त्यात अँबॅसिडर भरपूर यायच्या, सरकारी जास्त. म्हणून खालून बघून सांगतो.

ओव्हरहॉल साहेब म्हणतात तो दांडा बरोबर तसाच काम करतो. गाडी एका बाजूला बसली की नवीन भाग मागवायला लागायचा नाही, टॉर्शन बार सोडून परत सेट करायचा, गाडी वर. मात्र ग्रीसिंग वेळेवर पाहिजे. पुढच्या निपलमध्ये गनने नवीन ग्रीस मारायचं, जुनं काळं कडेने बाहेर पडेपर्यंत. ज्या ड्रायव्हरने हे पाळलं त्याची गाडी वर्षानुवर्षं सरळ चालली. ज्याने टाळलं त्याचं स्टिअरिंग हातात खेळायचं.

माझ्या मते ऑक्सफर्ड १९५९ ला संपलीच नाही. ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला, हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात गेली. २०१४ च्या मे महिन्यापर्यंत तिथे तयार होत होती, आणि रॅक स्टिअरिंग शेवटपर्यंत होतं.

पाटेवाला

@ग्रीसगन दादा, तुमच्या हाताला मान आहे. पण टिकली म्हणजे श्रेष्ठ ठरली, हे मला मान्य नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्स आणि फोर्ड इथलं जुळणीचं काम गुंडाळून गेल्या. मग उरल्या तीन: हिंदुस्थानची अँबॅसिडर, कुर्ल्याची प्रीमियर फियाट, मद्रासची स्टँडर्ड. गिऱ्हाइकाने निवडलं नाही, त्याने नंबर लावला. आणि जिथे थोडीफार निवड होती तिथे बघा ना. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट घेतली. पांढरी अँबॅसिडर राहिली मंत्रालयात आणि कलेक्टर कचेरीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर घरगुती गिऱ्हाईक कुणीकडे पळालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

शिवाय परदेशात टिकणं हीच कसोटी लावायची तर फरीनाही त्यात पास आहे. अर्जेंटिनात सियाम दि तेला कंपनीने १९६० पासून तीच रायली ४/६८ आपल्या नावाने बनवली. ब्यूनोस आयर्सच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं राबली. 'मॉरिसचं काय उरलं' म्हणून ज्या गाडीला हिणवलं जातंय, तिच्याबद्दल तिथली माणसं तुमच्याइतक्याच जिव्हाळ्याने बोलतात.

ग्रीसगन

टॅक्सीवाल्यांनी फियाट घेतली कारण मुंबईच्या गर्दीत ती छोटी पडते आणि पेट्रोल कमी खाते. घाटात, पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन, कुठली नेणार ते सांगा.

कोथरूड_ते_कॉव्हेंट्री

आता जरा कठोर बोलतो. ऑक्सफर्ड १९५९ ला मेली नाही. तिला १९६१ नंतर वाऱ्यावर सोडून दिलं. सप्टेंबर १९६१ मध्ये सिरीज सिक्स आली: १६२२ सीसी, चाकांमधलं अंतर वाढवलं, अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारे दांडे) लावले, कल्ले छाटले. म्हणजे फाइव्हच्या बहुतेक तक्रारी दूर झाल्या. ही गाडी पुढे दहा वर्षं जवळपास तशीच विकली. दोन लाखांवर गेली, पण दहा वर्षांत. सालाची सरासरी काढा, एमओपेक्षाही कमी पडते.

आणि तिची जागा घेणारी गाडी कुणी केली? त्याच इसिगोनिसने. १९६४ ची ऑस्टिन १८००. आडवं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, आत प्रचंड जागा. १९६५ चा युरोपियन कार ऑफ द इयर किताब तिलाच मिळाला. पण जे दीड लिटरची साधी, नीटस सलून घ्यायला दुकानात यायचे त्यांना ती भलतीच रुंद वाटली आणि महागही पडली. म्हणून ज्या फरीनाला ती निवृत्त करणार होती, तीच १९७१ पर्यंत ओढत राहावी लागली. ओव्हरहॉल, एमओ ज्या माणसाची म्हणून तुम्ही तिच्यावर जीव टाकता, त्यानेच पंधरा-सोळा वर्षांनी तिच्या गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवली. त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?

ओव्हरहॉल

माझं म्हणणं असं की १८०० फसली, पण ती घडवली होती. तिच्यातला प्रत्येक निर्णय कुणीतरी विचार करून घेतलेला दिसतो. चुकलेला अभियंता मला चालतो, कारण पुढची गाडी तो दुरुस्त करू शकतो. एमओच्या बाबतीत अगदी तसंच झालं होतं, तिचं कमजोर इंजिन सिरीज टूने दुरुस्त केलं. फरीनाच्या बाबतीत मॉरिसच्या काउली कारखान्याच्या हाती दुरुस्त करण्यासारखं काही दिलंच नाही. तिथे फक्त जुळणी होत होती.

पाटेवाला

मग मॉरिस मरिनाचं काय करायचं? १९७१, सिरीज सिक्सच्या जागी आलेली, काउलीतच तयार झालेली. पुढे टॉर्शन बार, जुन्या मायनरच्या आखणीवर बेतलेले. स्टिअरिंग रॅक अँड पिनियन. तुम्ही १९५९ ला गेलेलं म्हणून ज्याच्यासाठी हळहळता ते सगळं तिथे परत आलं. आणि १.८ च्या मरिनाची सुरुवातीची परीक्षणं काढून वाचा: वळणावर गाडी सरळच जायला बघते म्हणून पत्रकारांनी धुतली होती. १९४८ चा उत्तम दांडा १९७१ मध्ये जड इंजिनाखाली घातला की असंच होणार. तंत्र त्या त्या काळापुरतं चांगलं असतं. म्हणूनच १९५९ मध्ये ते सोडलं, यात मला गुन्हा दिसत नाही.

ओव्हरहॉल

मरिना टॉर्शन बारमुळे नाही, घाईमुळे फसली. कॉर्टिनाला उत्तर लगेच हवं होतं, नवीन सस्पेन्शन काढायला पैसा आणि वेळ नव्हता, म्हणून गोदामातलं उचललं. १९५९ मध्ये टॉर्शन बार न टाकता दर चार-पाच वर्षांनी सुधारत नेले असते, तर १९७१ मध्ये मायनरची जुनी आखणी शोधायची वेळ आली नसती. सिरीज थ्रीच्या सांगाड्यावर १६२२ सीसीचं इंजिन आणि नवी बॉडी एवढंच केलं असतं तरी कॉर्टिनासमोर उभी राहील अशी गाडी मॉरिसकडे होती. पाटेवाला, यात काय अशक्य होतं तेवढं सांगा. बॉडीचा खर्च म्हणू नका, तो फरीनालाही आलाच होता.