ट्रेलरमध्ये काय न्यावं: आधी वजन बघा

तीन महिने ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन अमेरिका फिरायची तर स्वयंपाकाचं काय काय न्यावं, असं विचारलंय तुम्ही. इतरांच्या उत्तरांत भांड्यांच्या याद्या भरपूर आल्या, वजनाचं कुणी बोललं नाही. ट्रेलरच्या दारापाशी पिवळं स्टिकर असतं, सामान किती चालेल तो आकडा त्यावर असतो. पाणीही त्यातच धरायचं. ४० गॅलनची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच गेले!

पहिल्या खेपेला आम्ही तांदूळ, पीठ, डाळी सगळं मागच्या कपाटात कोंबलं. हायवेला लागल्यावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. जड सामान चाकांच्या जरा पुढे, हे तेव्हा कळलं (आणि घाम फुटला तो वेगळाच).

कुकर मात्र सोडू नका. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या तळ्यापाशी उंची जवळजवळ २,३५० मीटर, पाणी ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासाभरानंतरही दाताखाली कचकचत होती. कुकरची जादा रिंग घ्या, वाटेतल्या छोट्या गावांत ती मिळायची नाही. मिक्सर आम्ही घरीच ठेवतो, दाण्याचं कूट आणि कोरड्या चटण्या करून नेतो. हो, हिंगाची डबी दुसऱ्या डब्यात बंद करा. आमच्या उशांना अजून वास येतो.