फाइनस्टाइन म्हणे नुसता रखवालदार!

सूरवेडा: काल इथे एकाने लिहिलं की जुनी अमेरिकन नाटक-सिनेमातली गाणी गाणारा मायकल फाइनस्टाइन गायक नाहीच, मेलेल्यांच्या गाण्यांचा रखवालदार आहे, खरा गायक टोनी बेनेट. डोकंच फिरलं. अरे १९७७ ला विशीतला हा पोरगा गीतकार आयरा गर्श्विनच्या घरी रेकॉर्डींच्या याद्या करायला लागला, सहा वर्षं राबला तिथे, ज्याने गाणी लिहिली त्याच्याच तोंडून कुठला शब्द का आलाय ते ऐकत, आणि ते त्याच्या गाण्यात कळतं. बाकीचे सरळ कोरसवर, म्हणजे मुख्य गाण्यावर उडी मारतात, हा आधीचा व्हर्स, म्हणजे गाण्याची प्रस्तावना गातो. नाटकातलं पात्र गायला का लागलं ते त्या व्हर्समध्येच असतं!

पेटीवाला: ते मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. माहिती वेगळी, गळा वेगळा. बेनेटचा लेडी गागाबरोबरचा अल्बम २०१४ ला अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या अल्बम यादीत पहिला आला तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. २०२१ ला अल्झायमर असताना न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहात उभं राहून गायला. फाइनस्टाइनचं सगळं गुळगुळीत, कुठे खरचटतच नाही.

जर्सीची_सुमा: व्हर्सचं कौतुक पुरे हं. निम्मे व्हर्स कंटाळवाणे असतात. डान्स बँडवाल्यांनी गाळले ते उगाच नाही, ७८ च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची, लोकांना नाचायचं होतं.

सूरवेडा: कंटाळवाणे?? गायक फ्रँक सिनात्राने १९६१ ला 'स्टारडस्ट' गाण्याचा नुसता व्हर्स रेकॉर्ड केला, मुख्य गाणं चक्क सोडून! गायिका एला फिट्झगेराल्डचा १९५९ चा गर्श्विनच्या गाण्यांचा रेकॉर्ड सेट काढा, बघा किती व्हर्स गायलीये ती.

पेटीवाला: एला ती एला. तिचं नाव घेऊन हा मोठा होत नाही.

जर्सीची_सुमा: बरं, सिनात्राचा तो व्हर्स सुंदर आहे, तेवढा एक दिला. पण मला राग वेगळाच आहे. मॅनहॅटनच्या एका क्लबात ही गाणी ऐकायला गेलो, कव्हर चार्ज, म्हणजे आत बसायचे पैसे, वेगळा, वर माणशी दोन ड्रिंक सक्तीची, आणि गायिका हळू आवाजात आली की शेजारच्या टेबलावर काट्याचमच्यांचा खणखणाट. लेकीला परत चल म्हटलं तर नाही म्हणाली. श्रीमंत म्हाताऱ्यांची करून टाकलीत ही गाणी!

सूरवेडा: म्हणून तर त्याने २००७ ला फाउंडेशन काढलं ना, इंडियानात कार्मेलला आहे, उन्हाळ्यात हायस्कूलच्या मुलांना बोलावून हीच गाणी शिकवतात. रखवालदार असलं करतो का?

पेटीवाला: बेनेटने त्याच्या आधीच, २००१ ला, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सिनात्राच्या नावाने अख्खी शाळा उभी केली, सरकारी, फुकट. कार्मेलचं काम चांगलंय, मी कुठे नाही म्हणतोय. गळ्याचं बोला.

सूरवेडा: गळ्याचंच बोलतो. २०२३ ला बेनेट गेला, त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम घेऊन गावोगाव कोण हिंडलं? फाइनस्टाइनच ना?

पेटीवाला: हो, तोच. तो कार्यक्रम मी ऐकेन. बेनेटसाठी ऐकेन.