विषय: आईबाबांसाठी ब्रिटिश मालिका, सुरुवात कुठून करावी?

प्रेषक: मृणाल

नमस्कार मंडळी,

आईबाबा दिवाळीच्या आधीपासून आमच्याकडे बॉस्टनला आहेत. फराळ झाला, मंडळाचं नाटक झालं, आता बर्फ पडायला लागलंय आणि दोघं घरात अडकलेत. मराठी मालिका बघून बाबा वैतागलेत. ("एक पाहुणा दारातून सोफ्यापर्यंत यायला दोन भाग!") त्यांना रहस्यकथा आवडतात, बाबूराव अर्नाळकर वाचत वाढलेली पिढी. आईला जुन्या काळातली घरं, कपडे, माणसं हवीत. एकत्र बसून बघायचंय, त्यामुळे रक्तपात आणि एकदम रिमोट शोधायला लावणारे प्रसंग नकोत. इंग्रजी दोघांना वाचता येतं, पण भरभर बोललेलं कळत नाही. बाबा आयुष्यभर सांगली जिल्ह्यात गुरांचे डॉक्टर होते, हे सांगून ठेवते, कुणाला त्यावरून काही सुचलं तर.

मृणाल


प्रेषक: सुनंदा

मृणाल,

आधी पॉयरो लाव, ॲगाथा ख्रिस्तीचा बेल्जियन गुप्तहेर. डेव्हिड सुशे यांचा, दुसरा कुणाचा नको. १९८९ ते २०१३ अशी चोवीस वर्षं त्यांनी ही एकच भूमिका केली, सत्तर भाग. पण सत्तरच्या सत्तर एका जातीचे नाहीत. पहिल्या दोन-तीन वर्षांतले बरेचसे भाग लघुकथांवरचे, पाऊण-एक तासाचे. त्यात पॉयरोचा मित्र हेस्टिंग्ज आहे, इन्स्पेक्टर जॅप आहे, फायली लावणारी मिस लेमन आहे, आणि चौघांमध्ये एक घरगुती थट्टा चालू असते. तुझी आई त्यात रमेल. शिवाय सुशे बेल्जियन माणसाचं इंग्रजी बोलतात, म्हणजे एकेक शब्द सुटा, स्वच्छ. ज्यांना इंग्रजांचं इंग्रजी कळत नाही त्यांच्यासाठी याहून सोयीचा गुप्तहेर नाही. आईला सांग, पॉयरो राहतो ती गोल वळणाची पांढरी इमारत सेट नाही. लंडनच्या चार्टरहाउस चौकात फ्लोरिन कोर्ट नावाची १९३६ सालची खरीखुरी इमारत आहे.

२००३ पासूनचे भाग मात्र जपून. ही तिघं मंडळी गायब होतात, प्रकाश मंद होतो, पॉयरो देवाधर्माचा विचार करायला लागतो. त्यातलं 'फाइव्ह लिटल पिग्ज' मला सगळ्या सत्तरांत श्रेष्ठ वाटतं, पण ते संध्याकाळच्या चहाबरोबर बघायचं नाही. आणि 'कर्टन' अगदी शेवटी. आधी बघितलंस तर माझ्याशी बोलू नकोस.

ख्रिस्तीचीच म्हातारी हेर मिस मार्पल बघायची तर जोन हिक्सनची. बीबीसी, १९८४ ते ९२, बारा कथा. सुरुवात केली तेव्हा बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आयटीव्हीवर नंतर आलेली मार्पल रंगीबेरंगी आहे, गोड आहे, पण ती गोड आहे हीच अडचण. हिक्सनबाई विणकामावरून डोळे वर करतात तेव्हा समोरचा गप्प होतो. आपल्या प्रत्येक वाड्यात अशी एक आजी असायची, कोण कुणाकडे कधी गेलं हे खिडकीत बसून जिला ठाऊक. मिस मार्पलची सगळी तपासपद्धत तीच: हा माणूस आमच्या गावातल्या अमक्यासारखा आहे, म्हणजे तो असंच करणार.

सुनंदा


प्रेषक: निखिल

मृणाल, फक्त व्यवहाराचं लिहितो.

एकदम तीन-चार वर्गण्या घेऊ नकोस. पीबीएसला, म्हणजे इथल्या सार्वजनिक टीव्हीला, महिन्याला पाच डॉलर दिले की बहुतेक स्टेशनांवर 'पासपोर्ट' मिळतो, त्यात 'मास्टरपीस' या ब्रिटिश मालिकांच्या कार्यक्रमातलं बरंच काही बघता येतं. ('मास्टरपीस' १९७१ पासून आपल्याच बॉस्टनच्या स्टेशनवरून चालतं, तेवढाच स्थानिक अभिमान.) जुन्या गोष्टींसाठी ब्रिटबॉक्स किंवा एकॉर्न या ब्रिटिश मालिकांच्या ऑनलाइन सेवा, पण एका वेळी एकच, संपलं की बंद. कुठली मालिका कुठे आहे हे बदलत राहतं, म्हणून घेण्याआधी शोधून बघ. त्याहीआधी गावच्या लायब्ररीचं कार्ड काढ. हूपला आणि कॅनोपी या ऑनलाइन सेवा त्यावर फुकट चालतात, आणि डीव्हीडी मिनिटमन या लायब्ररींच्या नेटवर्कमधल्या दुसऱ्या गावाहूनही मागवता येते.

लंडनच्या नातेवाइकांकडून डीव्हीडी आणू नका, तिकडच्या तबकड्या इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाहीत. आणि सबटायटल पहिल्या दिवसापासून लावा. आमच्याकडे मुलंसुद्धा लावतात.

निखिल


प्रेषक: अविनाश

सर्वांस नमस्कार.

सुनंदाताईंनी खुनांची यादी दिली, मी इस्टेटीची देतो. वकिली सोडून बरीच वर्षं झाली तरी खोड जात नाही.

मृणालच्या आईंना 'डाउनटन ॲबी' दाखवा. लोक ती झुंबरांसाठी आणि मॅगी स्मिथच्या टोमण्यांसाठी बघतात. मी पहिला भाग दावा वाचावा तसा बघितला. एप्रिल १९१२, टायटॅनिक बुडाल्याची बातमी येते, आणि हवेलीचा वारस त्या बोटीवर गेलेला. अर्ल साहेबांना तीन मुली, पण इस्टेट आणि किताब दोन्ही पुरुष वारसालाच जायचे. गंमत पुढे आहे. अर्लच्या वडिलांनी अमेरिकन सुनेचा पैसासुद्धा इस्टेटीत असा बांधून ठेवलेला, की तिच्या माहेरचा पैसा तिच्या लेकीला मिळत नाही! सगळं जाणार मँचेस्टरच्या एका लांबच्या चुलतभावाला, जो स्वतः वकील आहे आणि ज्याला "वीकेंड म्हणजे काय?" असं विचारणारी म्हातारी भेटायची आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये पाच मुलींच्या आईचा जीव ज्यासाठी खालीवर होतो ती भानगडही हीच. १९९५ ची बीबीसीची सहा भागांची बघा. त्या बाईला सगळे हसतात, पण नवरा गेला तर त्या घरातून उद्या बाहेर पडायचं आहे हे फक्त तिलाच कळलेलं असतं.

मी साताऱ्याचा, त्यामुळे हे बघताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हवेली अखंड राहावी म्हणून ज्यांच्या देशात कायदा तिसऱ्या पिढीतला चुलतभाऊ हुडकून काढतो, त्यांनीच १८४८ मध्ये साताऱ्याच्या महाराजांचा दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. तिकडे वारस नसेल तर शोधायचा, इकडे समोर असला तरी दिसत नाही म्हणायचं. मालिकेत हे येत नाही, येणारही नाही. तरी ती हवेली बघताना मजा कमी होत नाही, हेही कबूल. हायक्लिअर कॅसल तिचं खरं नाव. तुतनखामेनच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन तिथलेच.

अविनाश


प्रेषक: शैलजा

मृणाल, बाबा गुरांचे डॉक्टर? मग 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल', डोळे मिटून. १९३७ चा यॉर्कशायर, नवशिका डॉक्टर, आणि पहिल्याच भागापासून गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात. जुनी मालिका १९७८ ची आहे, नवी २०२० पासून सुरू झाली. नवी पीबीएसवर येते, ती पुरे. बोली थोडी जड आहे, पण अडलेली गाय सगळीकडे सारखीच हंबरते. बाबा डॉक्टरांच्या चुका काढतील, तोच खरा कार्यक्रम.

रहस्यांत जेरेमी ब्रेटचा होम्स कुणीच कसा सांगितला नाही? ग्रॅनडा टेलिव्हिजनने १९८४ ते ९४ मध्ये केलेला. त्यातली 'द स्पेकल्ड बँड' बाबांबरोबर बघच. मी बत्तीस शिराळ्याची, वर शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ती गोष्ट बघताना माझी करमणूक निराळीच होते. कलकत्त्यात डॉक्टरकी करून आलेला एक संतापी गृहस्थ, बंगल्याच्या आवारात मोकळा फिरणारा चित्ता, आणि एक साप. तो बशीतलं दूध पितो, शिटी ऐकून परत येतो आणि घंटेच्या दोरीवरून चढउतार करतो! दूध हे सापाचं अन्न नाही, आणि आपल्यासारखे बाहेरचे कान त्याला नाहीत. नागपंचमीला आम्हीही नागापुढे वाटी ठेवायचो, पण त्याच्या भरवशावर खून करायचं कुणाला सुचलं नाही. तरीसुद्धा अंधाऱ्या खोलीत होम्स आणि वॉटसन वाट बघत बसतात तो प्रसंग बघताना मी अजून पाय वर घेऊन बसते.

आणि काका, तुमच्या साताऱ्याशी नाही पण मुंबईशी होम्सचं नातं आहे. वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून मुंबईलाच उतरतो आणि १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत जखमी होतो. त्या लढाईत मुंबई लष्कराचे ग्रेनेडियर्सही होते.

शैलजा


प्रेषक: विद्याधर

मंडळी,

सगळं वाचतोय. खरं सांगू का, मला या हवेल्यांचा कंटाळा येतो. प्रत्येक मालिकेत हिंदुस्थान म्हणजे एक पेटारा: कुणी तिथून पैसा घेऊन आला, कुणी ताप, कुणी साप. 'क्रॅनफर्ड'मध्ये हरवलेला भाऊ तिथूनच परततो, 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधला कर्नल ब्रँडनही तिकडेच नोकरी करून आलेला. तिथे त्यांनी नेमकं काय केलं हे कुणी विचारत नाही.

जी एक मालिका विचारते ती सुचवतो. 'द ज्युएल इन द क्राउन', ग्रॅनडा, १९८४, चौदा भाग. १९४२ चा ऑगस्ट, नेत्यांची धरपकड, एक काल्पनिक शहर, आणि एका इंग्रज मुलीवर अत्याचार. त्या आरोपात हरी कुमार पकडला जातो. हा मुलगा इंग्लंडात बड्या शाळेत वाढलेला. वडील वारल्यावर पैसे संपतात आणि तो अशा देशात परततो जिथली भाषा त्याला येत नाही. इंग्रजांना तो काळा, आपल्यांना साहेब. आर्ट मलिकने काम केलंय, आणि त्याला छळणारा पोलीस अधिकारी मेरिक टिम पिगॉट-स्मिथने. आपल्या इथे वाढलेल्या मुलांना मी हे मुद्दाम दाखवलं. त्यांना अत्याचारापेक्षा हरीचं उच्चारांवरून ओळखलं जाणं जास्त लागलं. झोहरा सेहगल आणि सईद जाफरी आहेत, म्हणजे मृणालच्या आईबाबांना चेहरे ओळखीचे. पण मृणाल, चौकशीचा भाग फार कठोर आहे. आधी एकटीने बघ.

विद्याधर


प्रेषक: सुनंदा

विद्याधर, तुमचा कंटाळा मान्य, पण हवेल्यांना सरसकट झोडपू नका. त्याच इंग्रजांनी स्वतःच्या कोर्टकचेऱ्यांचे वाभाडे काढलेलं 'ब्लीक हाउस' आहे. २००५ ची, बीबीसी, पंधरा भाग. पहिला तासाचा, बाकीचे अर्ध्या तासाचे. एक वारसाहक्काचा दावा पिढ्यानपिढ्या चाललाय, तो कशाबद्दल आहे हे कुणालाच नीट आठवत नाही, आणि त्यावर वकिलांची घरं चालतात. अविनाशराव, रागावू नका. टलकिंगहॉर्न नावाचा वकील चार्ल्स डान्सने असा केलाय की तो नुसता दारात उभा राहिला तरी लेडी डेडलॉकच्या, म्हणजे गिलियन अँडरसनच्या, आधी आपल्यालाच घाम फुटतो. पुढे एक खून आहे, आणि तपासाला येतो इन्स्पेक्टर बकेट, इंग्रजी कादंबरीतल्या अगदी सुरुवातीच्या पोलीस गुप्तहेरांपैकी एक. म्हणजे मृणाल, आईची घरं आणि बाबांचा खून दोन्ही एकाच ठिकाणी. पात्रं फार आहेत, पहिल्या तीन भागांत कोण कुणाचं हे कळणार नाही. बाबांना कागद-पेन्सिल दे.

आणि एक राहिलंच, 'फॉइल्स वॉर'. महायुद्धातलं हेस्टिंग्ज गाव, रेशन, ब्लॅकआउट, आणि मायकेल किचन हा नट एका भुवईत अख्खा जबाब घेतो. बोलणं इतकं कमी आणि सावकाश की सबटायटल बंद केलं तरी चालेल. एकेक भाग दीड तासाचा, दुपारी दोनला लावला तर चहाच्या वेळेला गुन्हेगार हातात.

सुनंदा


प्रेषक: मृणाल

सगळ्यांचे आभार! लायब्ररीत पॉयरोचा पहिला संच मिळाला, 'ब्लीक हाउस'साठी नाव नोंदवलंय. बाबांनी गाईंचा भाग बघितला. त्यांच्या मते वासरू ओढायची दोरी चुकीच्या जागी बांधली होती, आणि आज पुढचा भाग जेवणाआधीच लावायचा आहे.

अविनाशकाका, आई विचारतेय की अमेरिकन सुनेच्या माहेरच्यांनी लग्नाआधी कागद वाचले नव्हते का? तिला याचं उत्तर तुमच्याकडूनच हवंय. रविवारी फोन केला तर चालेल ना?

मृणाल