ख्रिसमसचं जेवणाचं टेबल: ओलं वेगळं, कोरडं वेगळं

नमस्कार मंडळी,

यंदा ख्रिसमसला जेवणाची खोली प्लास्टिक आणि चमकी न वापरता सजवायची आहे. टेबल १८० सें.मी. लांब, ९५ सें.मी. रुंद. बसणार सहा जण, तीन या बाजूला, तीन त्या. हीटर दिवसभर चालू असतो. सजावट २४ तारखेपासून निदान आठवडाभर टिकावी. मधोमध हिरवी माळ, पाइन कोन (पाइनच्या झाडाची शंकूसारखी लाकडी बोंडं), सुकवलेली संत्री आणि मेणबत्त्या एवढं डोक्यात आहे. झुंबरालाही काही लावावं का? कोणत्या डहाळ्या, किती, आणि कोणत्या दिवशी काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं. घरात दोन वर्षांचं मूल आहे.

---

ताई, नमस्कार.

डहाळ्या आणण्याआधी टेप घेऊन बसा. ताट २७ सें.मी.चं, काठापासून २ सें.मी. आत, आणि ताटापुढे ग्लासला ८ सें.मी. धरले तर एका बाजूचे ३७ सें.मी. गेले. दोन्ही बाजूंचे ७४. तुमच्या ९५ मधून उरतात २१. म्हणजे माळ २० सें.मी.हून रुंद चालणार नाही. ती पसरून ३० झाली की डहाळ्यांच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, ताटात येतात आणि ग्लास कलंडतात. लांबी १२० पुरे, दोन्ही टोकांचे ३०-३० सें.मी. वाढायच्या भांड्यांसाठी मोकळे सोडा. उंची ३० सें.मी.च्या आत ठेवा, नाहीतर समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि लोक माना वाकड्या करून बोलतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेबलावर मांडायच्या वस्तूंचे दोन गट करा: पाण्यावाचून मरणाऱ्या आणि पाण्याने बिघडणाऱ्या. डहाळ्या, पानं, फुलं पहिल्या गटात. कोन, सुकी संत्री, दालचिनी, सुकं शेवाळ दुसऱ्यात. सगळं एकत्र बांधून टाकलं की एका गटाचं नुकसान ठरलेलंच. म्हणून माळ निव्वळ हिरवी बांधायची आणि कोरड्या वस्तू तारेच्या आकड्याने वरून खोवायच्या, हव्या तेव्हा काढता येतील अशा.

डहाळी फर या सूचिपर्णी झाडाची घ्या. कापल्यावरही सुया सगळ्यात जास्त दिवस धरून ठेवणाऱ्यांत ती आहे. स्प्रूस देखणा असतो, पण गरम खोलीत लवकर गळतो. हेमलॉकचंही तेच. पाइन टिकतो, मात्र राळ भरपूर सोडतो, त्यामुळे तो टेबलावर नको, खिडकीच्या कट्ट्यावर लावा. ताटांच्या अगदी जवळ काही हिरवं हवं असेल तर रोझमेरी आणि ताजं तमालपत्र. चुकून ताटात पडलं तरी काळजी नाही.

फांद्या आणल्यावर आधी बाहेर नेऊन जोरात झटका, किडे आणि मोकळ्या सुया तिथेच पडू द्या. मग सिकेटरने (फांद्या छाटायच्या कात्रीने) प्रत्येक देठाचा खालचा २ सें.मी. तिरका कापा आणि लगेच बादलीत उभ्या करा. जुना काप राळेने बंद झालेला असतो, त्यातून पाणी चढत नाही. म्हणून नवा काप हवाच. हातोडीने देठ ठेचू नका, त्याने आतल्या नळ्या चिरडतात. रात्रभर थंड जागी पाण्यात राहू द्या. ही एक रात्र वाचवायला गेलात तर माळ तीन दिवसांत खरखरीत होते.

माळेचं गणित असं: १५ सें.मी.च्या डहाळ्या, तीन-चार मिळून एक जुडी. दर जुडी आधीचीपेक्षा साडेसहा सें.मी. पुढे सरकते. १२० सें.मी.ला अठरा जुड्या लागतात, म्हणजे साठ-सत्तर डहाळ्या. हाताएवढ्या एका फांदीतून आठ-दहा निघतात, तेव्हा आठ फांद्या आणा. आधाराला सुतळी, बांधायला ०.५ मि.मी.ची रिळावरची हिरवी तार. वेणी बांधताना पुढचं फूल आधीच्या देठावर बसवतात, तशी पुढची जुडी आधीच्या देठांवर ठेवायची आणि तारेचे तीन घट्ट वेढे द्यायचे. टोकापासून मध्यापर्यंत येताना तार तोडायची नाही, तेच रीळ चालवायचं. देठ सुकले की आक्रसतात, त्यामुळे आज घट्ट वाटणारा वेढा चौथ्या दिवशी सैल पडतो. बोटाला किंचित रुतेल इतकी तार ओढा.

जुड्या सुतळीच्या तीनच बाजूंना बसवा, खालची बाजू सपाट राहू द्या. सगळीकडून भरलेली माळ टेबलावर लोळते. दोन्ही टोकांकडून नऊ-नऊ जुड्या बांधत मध्यावर या. मधला सांधा उघडा दिसतो, तिथे तीन मोठे कोन खोवले की झाकला जातो.

टेबलावर आधी बेकिंग पेपरची १८ सें.मी.ची पट्टी, तिच्यावर माळ. पट्टी माळेपेक्षा अरुंद असली की दिसत नाही आणि राळ लाकडाला लागत नाही.

कोन आणि संत्र्यांचं दादा लिहितील, ओव्हनचं काम त्यांच्याकडे.

---

ताई, कोन आणि संत्री दोन्ही आठवडाभर आधी उरकून ठेवा.

कोन गळून पडलेलेच वेचा. कोमट पाण्यात थोडा व्हिनेगर घालून धुवा. ते मिटतील, घाबरू नका. कोनाच्या खवल्याला दोन थर असतात. ओल लागली की बाहेरचा थर जास्त फुगतो आणि खवला आत वळतो, सुकला की परत उघडतो. झाड मेल्यावरही ही हालचाल चालू राहते. ट्रेवर फॉइल घालून ९५ अंश सेल्सिअसला पाऊण ते एक तास ठेवा. किडे मरतात, राळ वितळून खवल्यांवर पातळ चकाकी धरते, कोन पुन्हा उमलतात. ओव्हनपासून हलायचं नाही, राळ ज्वालाग्राही असते. फॉइल विसरलात तर ट्रे कायमचा खराब.

तार जोडायला ०.७ मि.मी.ची ३० सें.मी. तार घ्या, खालून दुसऱ्या ओळीच्या खवल्यांमधून फिरवून पीळ द्या आणि उरलेल्या टोकाचा आकडा करा. वर पहिल्या उत्तरात म्हटलेला काढता-घालता येणारा आकडा तो हाच.

संत्री ५ ते ६ मि.मी. जाडीची कापा. ३ मि.मी.ची चकती जाळीला चिकटून फाटते, सेंटिमीटरभराची आतून ओली राहते आणि माळेवर बुरशी धरते. दोन्ही बाजूंनी कापडाने दाबून रस टिपा, ही पायरी वगळली तर तासभर जास्त लागतो. तारेच्या जाळीवर ९५ अंशांना तीन ते चार तास, दर पाऊण तासाने उलटायची. दार चमच्याने बोटभर उघडं ठेवा, वाफ बाहेर जायला हवी. घाईने १२० वर नेलं की साल तपकिरी पडते आणि उजेडासमोर धरल्यावर ती काचेसारखी केशरी झाक दिसत नाही. झालं की नाही ते मध्यभागी बोटाने दाबून बघा. चिकटलं तर अजून अर्धा तास. थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण सुकं संत्रं हवेतली ओल परत ओढतं आणि चिकट होतं.

लवंगा टोचलेलं आख्खं संत्रंही छान दिसतं. आधी टूथपिकने भोक, मग लवंग, नाहीतर लवंगेचं डोकं तुटतं आणि अंगठा दुखतो. लवंगा अगदी खेटून टोचू नका, मध्ये लवंगेच्या डोक्याएवढी जागा ठेवा, फळ सुकताना आकसतं.

सफरचंदं मात्र माळेजवळ फक्त जेवणाच्या वेळी ठेवा. पिकलेलं सफरचंद इथिलीन वायू सोडतं, त्याने हॉलीची (ख्रिसमसला लावतात त्या लाल फळांच्या झुडपाची) पानं आणि फळं गळतात.

---

खूप आभार, ताई आणि दादा. आणखी तीन शंका. माळेवर रोज पाणी फवारलं तर चालेल का? शेजारच्या कुंपणावरची एक डहाळी फरसारखीच दिसते, लाल फळंही आहेत, ती घेऊ का? आणि मेणबत्त्या माळेतच खोवायच्या की वेगळ्या?

---

ती कुंपणाची डहाळी आधी बाजूला ठेवा. ती बहुधा यू नावाच्या झाडाची आहे. पान उलटं करून पाहा: फरच्या सुईखाली दोन पांढुरक्या रेघा असतात, यूच्या पानाखाली त्या नसतात, तिथे नुसता फिका हिरवा रंग असतो. चुरगळून वास घ्या. फरला राळेचा वास येतो, यूला जवळजवळ येत नाही. आणि लाल फळ पेल्यासारखं उघडं, आत एक बी, असं असेल तर शंकाच नको. यूची पानं आणि बी दोन्ही जीवघेणी विषारी आहेत. लहान मूल असलेल्या घरात ती आणायचीच नाही. मिसलटो, आयव्ही आणि हॉलीची फळं यांनाही जेवणाच्या टेबलावर जागा देऊ नका. हवी असतील तर दाराच्या चौकटीवर, उंच. पॉइन्सेटियाची (ख्रिसमसला ठेवतात त्या लाल पानांच्या झाडाची) भीती मात्र अवाजवी आहे. त्याच्या चिकाने तोंड किंवा कातडी चुरचुरते, त्यापलीकडे सहसा काही होत नाही.

पाणी टेबलावर फवारू नका. कोन मिटतात, संत्री चिकट होतात आणि लाकडाच्या पॉलिशवर पांढरे डाग पडतात. रात्री आकडे काढून कोन-संत्री डब्यात ठेवा, माळ मोरीत नेऊन तिथे फवारा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि घरातल्या सगळ्यात थंड जागी झोपवा. सकाळी निथळून परत मांडा. हीटरची हवा थेट टेबलावर येत असेल तर तिची दिशा बदला. याने जितका फरक पडतो तितका फवारण्याने पडत नाही.

तरीही आठवडाभर एकच माळ ताजी राहील असं धरू नका. रोज डहाळी दोन बोटांत धरून हलकेच मागे ओढून बघा. हिरव्या सुया हातात आल्या की ती माळ संपली. म्हणून सोळा फांद्या आणा. आठची माळ २३ ला बांधा, उरलेल्या आठ बाहेर सावलीत बादलीत उभ्या ठेवा आणि २७-२८ ला दुसरी बांधा. कोन आणि संत्री तीच राहतात.

मेणबत्ती माळेत अजिबात नको. सुकलेल्या फरमध्ये राळ आणि तेल असतं, तो भडकायला क्षण पुरतो. ॲडव्हेंट, म्हणजे ख्रिसमसआधीचे चार रविवार, त्यासाठीच्या चार मेणबत्त्यांच्या चक्राचाच विचार करा. योहान हिनरिख विखेर्न यांनी १८३९ मध्ये हँबर्गला पहिलं चक्र केलं, ते गाडीच्या चाकाचं होतं. आज ते डहाळ्यांचं करतात आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जातात. म्हणजे चारही ज्योती एकत्र पेटतात त्या दिवशी डहाळ्या सगळ्यात कोरड्या असतात. ज्यांच्या घरी हे चक्र आहे त्यांनी चौथ्या रविवारी हिरवळ नवी घालावी.

तुमच्या टेबलावर खऱ्या मेणबत्त्या हव्यातच तर दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागेत, काचेच्या उभ्या नळीत, काच ज्योतीपेक्षा ५ सें.मी. उंच. माळेत बॅटरीवरचे एलईडी दिवे खोवा. खऱ्या मेणबत्त्या बिनवासाच्या घ्या, जेवणाच्या वासात व्हॅनिला मिसळला की दोन्ही वाया जातात. मूल टेबलक्लॉथ ओढतं, तेव्हा क्लॉथ ठेवायचा असेल तर काठाखाली लोंबणारा भाग चार बोटांपेक्षा जास्त नको, किंवा सरळ पट्टी-मॅट वापरा.

झुंबराला थोडंसंच लावा. दिवे एलईडी असतील तरच. भार वायरवर नाही, दांडीवर घ्या. तीन-चार निलगिरीच्या डहाळ्या मासेमारीच्या दोऱ्याने उलट्या टांगा, त्या लटकल्या जागी सुकतात आणि तरी आकार सोडत नाहीत. खालचं टोक टेबलापासून निदान ७५ सें.मी. वर राहू द्या.

---

एक राहिलं, राळेचं. हाताला लागली तर आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण. नुसत्या साबणाने ती पसरते. टेबलक्लॉथवर लागली तर स्पिरिटने टिपा, आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघून. इस्त्री फिरवू नका, उष्णतेने राळ धाग्यात मुरते. पॉलिश केलेल्या लाकडावर स्पिरिट लावायचं नाही, ते पॉलिशच विरघळवतं. तिथे तेलाचा बोळा आणि धीर.

माळ उतरवताना तार उलटी सोडत रिळावर गुंडाळा, पुढच्या वर्षी चालते. डहाळ्यांना चमकी किंवा रंगाचा फवारा लावला नसेल तर त्या बारीक कापून खतात घाला. तारेचा एकही तुकडा आत राहिला नाही ना, हे हाताने चाचपून बघा.